सोमवारच्या कागदावर सही करू नकोस

प्रिय ठमाबाई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मावशीच्या पत्त्यावर टाकतोय. उचललास तरी मला फोनवर काही सुचत नाही, जेवलीस का एवढंच विचारतो. तेव्हा आधी तेच. जेवलीस का? मावशीच्या मागच्या खोलीच्या खिडकीला कडी नाही, तिथे झोपू नकोस. वारा लागतो.

आता मुद्दा. सोमवारी तुमच्या जनावरांच्या दवाखान्याची समिती तुझ्यापुढे जो कागद ठेवणार आहे, त्यावर सही करायची नाही. मी कामाला आहे त्या तबेल्याच्या मॅनेजरने तो मला वाचून दाखवला. भुरी घोडीच्या आतड्याचा कॅन्सर तुझ्या निष्काळजीपणामुळे ओळखता आला नाही, असं त्यात लिहिलंय. मी सातवीत शाळा सोडली, पण निष्काळजी कोणाला म्हणतात ते मला कळतं. लहानपणी तबेल्यातल्या मांजरीच्या पायाला तू चिंधी बांधायचीस, तीसुद्धा घट्ट तर झाली नाही ना म्हणून तीनदा सोडून बघायचीस. तुला निष्काळजी म्हणतात! म्हणोत. आपण कशाला लिहून द्यायचं?

भुरीचं काहीतरी बिनसलंय हे तूच आधी ओळखलंस. दाणा सगळा चाटूनपुसून खायची आणि तरी फासळ्या वर यायच्या. मॅनेजर म्हणाला वय झालं, तुमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले टोकदार झालेले दात कानशीने घासून द्या, जंताचं औषध पाजा. दोन्ही झालं, फरक शून्य. मग तू तिच्या पोटाखालच्या सुजेवर बोट दाबलंस आणि माझंही बोट तिथे ठेवलंस. भिजवलेल्या पिठात रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. तू म्हणालीस, बाबा, रक्तातली प्रथिनं कुठून तरी गळतायत, मला आतडं बघायचंय. त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्या आईच्या फोटोपुढे उगाचच बराच वेळ बसलो होतो. आपल्या पोरीला घोडीच्या पोटातलं बाहेरून कळतं, हे कोणाला तरी सांगायचं होतं.

तपासणीचा बेत तूच आखलास. घोडीला अठरा तास उपाशी ठेवायचं, मग नाकातून लांब दुर्बीण घालून, रिकाम्या जठरातून पुढे लहान आतड्यात शिरायचं आणि तिथला कणभर तुकडा काढायचा. तो तुकडा मिळाला असता तर सगळं तिथेच कळलं असतं. पण जठरात चारा सापडला. दुर्बीण पुढे जाईना. अठरा तासांनीही जठर रिकामं होत नाही, म्हणजे दुखणं जठरातच आहे, असं तू म्हणालीस आणि मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. आता तेच समितीत बसून म्हणतात, मला आधीच शंका होती. बरी सुचली! मग पुढचे दोन महिने तू तिच्या जठरावर औषधं देत राहिलीस आणि घोडी कुढत कुढत गेली. मेल्यावर पोट उघडलं तेव्हा आतड्याची भिंत माझ्या अंगठ्याएवढी जाड होती. तू तिथे उभी राहून एकदाही डोळे पुसले नाहीस. मी पाहत होतो.

ठमे, आता जे लिहितोय ते वाचून कागद फाडलास तरी चालेल, पण आधी पुरतं वाच. तपासणीच्या दिवशी पहाटे भुरी रिकामी गव्हाण चाटत होती. आयुष्यात कुठल्या जनावराची गव्हाण मी रिकामी ठेवली नाही. मला राहवलं नाही. दोन मुठी सुकं गवत मी तिला घातलं. तेवढ्याने काय होतंय, असं वाटलं. नंतर तू मोठ्या डॉक्टरांसमोर विचारलंस, बाबा, हिला काही दिलं नाही ना? आणि मी नाही म्हणालो. डॉक्टरीणबाईच्या बापाला एवढं साधं जमलं नाही, अशी तुझी शोभा नको म्हणून. कॅन्सर बरा झाला नसता हे मला ठाऊक आहे. पण त्या घोडीचे दोन महिन्यांचे हाल माझ्या त्या एका शब्दाचे आहेत, तुझ्या हाताचे नाहीत. काल हे सगळं मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारबुवा, लेकीसाठी खोटं बोलताय. मी म्हटलं, खोटं तेव्हा बोललो, आता खरं ऐक. तो म्हणाला, हे लिहून दिलंत तर उद्यापासून तबेल्यात पाय ठेवायचा नाही. मी त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनाने लिहून दिलं. आज घरीच आहे. सोमवारी दहाला समितीच्या दारात उभा असेन. तू माझ्यावर हवी तेवढी रागाव, आयुष्यभर बोलू नकोस, पण ये. आणि नाही आलीस, तरी मी आत जाऊन त्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर हे वाचून दाखवणार आहे. अडखळत वाचेन. ऐकावं लागेल त्यांना.

तुझाच, आता कोणाला न भिणारा,
बाबा