लसूणघासातलं हरण

शुक्रवार, १३ जानेवारी १९७८

इथल्या अरब मालकांच्या बागेमागे हरणांसाठी लसूणघास मीच पेरला, तीन महिने पाणीही मीच दिलं. आज संध्याकाळी शिकारीला बसलो, तर त्यांनी बंदूक माझ्याच हातात दिली. म्हणाले, "यल्ला, चल, शेत तुझं, पहिली गोळी तुझी." नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

हरण चरत चरत अगदी जवळ आलं. बिस्मिल्ला म्हणून चाप ओढला. नेम अचूक लागला आणि मला आनंद झाला. तेच खुपतंय. उचललं तेव्हा तोंडात हिरवा घास तसाच होता.

माझा वाटा घेऊन खोलीवर आलो. सोबत राहणाऱ्या दाऊदभाईंनी विचारलं, "तुला बघून पळालं नाही रे?"

"नाही."

रस्सा त्यांनीच केला. तो हिरवा घास डोळ्यांपुढून जात नव्हता, तरी मी दोनदा वाढून घेतलं.