पोपटीवरून कुणाला हाकलायचं नसतं

बाबा, काल मी तुझ्या शेतावर पोपटी खायला गेले होते. पोपटी म्हणे! गॅसवर पातेलं, त्यात वालाच्या शेंगा आणि वर तांब्याभर पाणी. भांबुर्ड्याचा पाला टेबलावर शोभेला मांडलेला. तू जिथं चिखलणी करायचास तिथं आता माझ्या धाकट्या भावाचं फार्महाऊस आहे, आणि तो पांढरे बूट घालून पाहुण्यांत मिरवत होता. शी!

तू मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि शेंगा भरायचास, पाण्याचा थेंब नाही, मग मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचास, आणि तुझा नियम एकच. वासानं जो बांधावर येईल त्याला ओंजळभर शेंगा द्यायच्या, हाकलायचं नाही. आई सांगायची, कुळकायद्यानं जमीन तुझ्या नावावर झाली त्या हिवाळ्यात पोपटीच्या वासानं खोताचा कारभारी बांधावर आला. त्यानं तुला खळ्यावर चारचौघांत शिव्या घातलेल्या. आई म्हणाली, "याला कशाला?" तू म्हणालास, "वास काय मानूस बघून जातो व्हय? बस म्हन त्याला." आणीबाणीतलं तर मला स्वतःलाच आठवतंय. मी एवढीशी आहे, रस्त्यावर जीप थांबते, नसबंदीवाले उतरतात. तू त्यांच्याही हातावर गरम शेंगा ठेवतोस, आणि ते फुंकर मारत सोलताहेत तोवर बांधाआडून पसार! आई हसून हसून खाली बसली होती.

मग जवळच डोलवीला पोलादाची कंपनी आली, जमिनीला भाव आला. तू गेलास आणि भावानं एकेक खाचर विकलं. आता बांधालगतचा तुकडा तेवढा राहिलाय, तो आम्हा दोघांच्या नावावर, विकायला माझी सही लागते. म्हणून तर रोह्याला माझ्या घरी गाडी पाठवून मला बोलावलं. पोपटीचं आपलं निमित्त.

शेंगा वाढल्या तेवढ्यात फाटकाशी आवाज झाला. शेजारची काकी. तुझ्या बांधाला बांध लावून जिनं जन्मभर भात लावलं ती, काठी टेकत आलेली. वॉचमन म्हणत होता, "माँजी, प्रायव्हेट पार्टी है." मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गो ताई, एकीला घेतलं की अख्खा गाव येईल." अरे, गाव यायचा म्हणूनच पोपटी लावायचे ना! मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी माझी थाळी उचलली, फाटकाबाहेर जाऊन काकीजवळ रस्त्यावर बसले. ती म्हणाली, "वास आला गो, म्हनून आले." एक शेंग चावली आणि थुंकली. "पानचट हाय." भाऊ मागून कागद घेऊन आला. म्हटलं, "नाय. तुकडा राहू दे. पुढच्या थंडीत तिथं मडकं लावीन मी."

तुला वाटेल, लेक बापावर गेली. हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. सही करून टाकायची म्हणून वाचायचा चष्मा मी निघताना आठवणीनं पिशवीत घातला होता.