बाबांची डाव्या हाताची खूण

प्रिय अनुताई,

फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून हे शेजारच्या मानसीच्या हाती पाठवतोय. अक्षर लागत नसेल तर तिच्याकडून वाचून घे. बाबांना घास गिळता येत नाही, ठसका लागतो, म्हणून सोमवारी नाकातून नळी घालणार असं तीच म्हणाली. लिहितोय ते त्याबद्दलच.

गोव्याला जातो म्हणून निघालो, पण गेलोच नाही. काचीगुडा स्टेशनवर चहा पीत बसलो आणि गाडी निघून गेली. तिथल्या एका टॅक्सीवाल्याने सांगितलं, ओमानहून आलेल्या पेशंटला हिंदी, तेलुगू येणारा माणूस पाहिजे. म्हटलं हौ. तेव्हापासून त्यांच्या दवाखान्याजवळच राहतोय. म्हाताऱ्या बाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांच्याकडे कॉफीचा कप एवढासा, पण रिकामा झाला की परत भरतात. पुरे झालं तर कप हलवून दाखवायचा असतो. मला कुठे माहीत, पहिल्या दिवशी नऊ कप झाले. असो.

काल बाईंना खुर्चीत बसवताना मी जरा घाई केली. त्यांनी पाची बोटांची टोकं जुळवली आणि हात माझ्या तोंडासमोर खालीवर केला. माझं डोकंच फिरलं. आपल्या अंबरपेठेत पोरं अशी बोटं करून समोरच्याला भित्रा म्हणून चिडवतात ना. त्यांचा मुलगा सलीम हसायला लागला. म्हणाला, शिवी नाही रे, आमच्यात याचा अर्थ थांब, हळू.

ताई, बाबा अकरा वर्षं मस्कतच्या गोदामात होते. इथे आल्यावर बोलता येत होतं, तेव्हा या खुणेची गरजच पडली नसणार. आता अर्धांगवायूने वाचा गेली, उजवा हात गेला, आणि डाव्या हाताने ते हेच करतात. आपल्याला वाटतं, घास मागतायत. तू लगेच पुढचा चमचा भरतेस. मी चार दिवस भरवलं तेव्हा तर तुझ्याहून भरभर भरवलं, कंटाळा यायचा म्हणून. ते हळू म्हणत होते आणि आपण कोंबत होतो. यात तुझी चूक नाही, आपल्याकडे बोटं जुळली की जेवणच आठवतं.

माझ्या शब्दावर सोमवारचं रद्द करू नको. पण डॉक्टरांना हे सांग, त्यांच्यासमोर एकदा हळूहळू भरवून बघू. अर्धाच चमचा द्यायचा, बोटं जुळली की चमचा खाली, हात खाली येईपर्यंत थांबायचं. तरी ठसका लागला तर नळी घालू दे, मी काही बोलणार नाही.

एवढं तर मानसीही तोंडी सांगू शकली असती. तिच्याजवळ मला जे बोलता आलं नाही ते असं. आपलं भांडण झालं आणि मी बॅग घेऊन निघालो, तेव्हा दाराजवळच्या खाटेवरून बाबांनी मला तशीच बोटं दाखवली. मला वाटलं, पळपुटा म्हणतायत. खोटं कुठे होतं, म्हणून मागे न बघता जिना उतरलो. ते थांब म्हणत होते, ताई. उद्या सकाळी जेवणाच्या वेळेला येतो. भांडायचं असेल तर भांड, पण चमचा माझ्याकडे दे.

तुझाच,
मकरंद