शास्त्रीय कारण द्या: तळहात गरम होतात

७ जानेवारी, मंगळवार

तळहात गरम झाले! जानेवारीचा गारठा, विश्रांतवाडीची बाग, मफलर गुंडाळूनही बाकी सगळी मी गार – आणि तळहात तव्यावरून काढल्यासारखे!

गुडघ्यांसाठी म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ताई-चीच्या वर्गाला पाठवलं. झाडासारखं उभं राहायचं, श्वास बेंबीखाली न्यायचा, हात हळूहळू फिरवायचे. चिनी युद्धकला म्हणे! या वेगाने युद्ध केलं तर शत्रू कंटाळून घरी जाईल. शेवटी मात्र जोड्या पाडतात. मनगटाला मनगट टेकवून दोघांनी गोल फिरवायचं, समोरच्याचा तोल कुठे आहे ते मनगटाने ऐकायचं. ताठलात की गेलात. माझे जोडीदार दिगंबरराव ओगले. त्यांच्याबरोबर फिरवता फिरवताच हे झालं. शिकवणारी राजनंदिनी, तिशीची पोर, म्हणाली, "काकू, तुमची अंतर्गत ऊर्जा जागी झाली."

मी उभा जन्म नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. त्यात अंतर्गत-बिंतर्गत काही चालायचं नाही. पण गरम झाले हे खरं.

८ जानेवारी

आज पुन्हा! घरी येईपर्यंत टिकलं. येताना दुधाची पिशवी हातात होती, वाटलं आता फुटतंय दूध.

१० जानेवारी, शुक्रवार

राजनंदिनीला विचारलं, या ऊर्जेचं एकक काय? ती म्हणाली, "एकक नंतर, काकू. आधी खांदे सोडा." सगळा वर्ग हसला. शिक्षिकेला असं गप्प केलेलं लोकांना फार आवडतं.

दिगंबरराव हसले नाहीत. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन "नमस्कार" असतात. मनगट फिरवता फिरवता हळूच म्हणाले, "आमच्याकडे अंतर्गत ऊर्जा बाहेर आली की चौकशी समिती बसायची." मला असं हसू फुटलं की तोल गेला! त्यांनी मनगट इतकंसं वळवलं आणि मी उभीच राहिले. खरं तर नियमाप्रमाणे त्यांनी मला पाडायला हवं होतं.

नंतर ध्यान. मन रिकामं करा, म्हणते. माझं काठोकाठ भरलेलं! कशाने, देव जाणे. डोळे मिटून मी चक्क गालात हसत होते.

१४ जानेवारी, संक्रांत

आज थर्मामीटर घेऊन गेले. पुराव्याशिवाय मी माझ्या सख्ख्या आईचंही ऐकलं नव्हतं. सराव सुरू व्हायच्या आधी मुठीत धरला, नंतर पुन्हा धरला. पारा चढला! राजनंदिनी तर उडालीच. म्हणाली, लोकांना वर्षं लागतात, काकूंना महिन्यात जमलं. मला गुदगुल्या झाल्या. बासष्टाव्या वर्षी पहिला नंबर!

सगळ्यांना तिळगूळ दिला. दिगंबररावांना म्हटलं, गोड बोला. म्हणाले, "बोलायची सवय नाही. कमी बोलतो, तेच गोड समजा." घरी येऊन पोळ्या लाटताना हेच आठवत होतं. दोन करपल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

फोनवर मी स्पृहाला सहज सांगितलं – झोप लागत नाही, भूक नाही, छातीत धडधडतं, तळहात गरम, पण फार छान वाटतंय. मुलगी रजा टाकून पुण्याच्या दुसऱ्या टोकाहून, मांजरीहून धावत आली. थेट दवाखाना. कार्डिओग्राम काढला. हृदय ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, जे करताय तेच करत राहा.

रिक्षात स्पृहाने विचारलं, तिथे तुझ्याबरोबर जोडीला कोण असतं? मी सांगितलं. कारखान्यातली नोकरी, पत्नी कधी गेली, बिनसाखरेचा चहा, डाव्या खांद्याचं दुखणं, ती चौकशी समिती, तो तिळगूळ. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आई, मी फक्त नाव विचारलं होतं."

आगाऊ कार्टी.

२० जानेवारी, सोमवार

दिगंबरराव साताऱ्याला पुतण्याच्या लग्नाला गेलेत. मला तात्यारावांबरोबर उभं केलं. तात्याराव भला माणूस, श्वासही माझ्यापेक्षा खोल घेतात. पण तळहात गार! वारा असेल. ढगही होते.

२१ जानेवारी

आज ऊन होतं. तात्याराव. गार.

२२ जानेवारी, बुधवार

गार. संध्याकाळी शेंगा सोलायला बसले आणि हात थांबले.

वर्गात घसा फोडून सांगायचे – प्रयोगात एका वेळी एकच घटक बदला, म्हणजे कारण सापडतं. बाग तीच. वेळ तीच. श्वास, बेंबी, गुडघे तेच. घटक एकच बदलला.

अगं बाई!

२३ जानेवारी

म्हातारचळ. याला दुसरा शब्द नाही. हे जाऊन आठ वर्षं झाली, नात दुसरीत आहे, आणि मी थर्मामीटर घेऊन बागेत! पहिला नंबर म्हणे!

पण लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाहीये. भीती वाटते. त्या माणसाच्या मनात काही नसेल तर? मनगटाने सगळं ऐकू येतं म्हणतात. मग त्यांनी माझं ऐकलंच असणार. दया आली असेल, म्हणून त्या दिवशी पडू दिलं नसेल. हसं झालं तर बाग सुटेल, वर्ग सुटेल, आणि सकाळी उठण्यासारखं दुसरं काय आहे माझ्याकडे? हे चारचौघांना कळायच्या आत यातून बाहेर पडलेलं बरं.

२४ जानेवारी, शुक्रवार

राजनंदिनीला सांगितलं, मला कायमचं तात्यारावांबरोबर ठेव. का, म्हणाली. गुडघे, म्हटलं. तिला पटलं. गुडघ्यांवर कुठलंही खापर फोडता येतं.

२७ जानेवारी, सोमवार

दिगंबरराव आले. मला तात्यारावांसमोर उभं पाहिलं. "नमस्कार" म्हणाले आणि एका कॉलेजच्या मुलापुढे जाऊन उभे राहिले. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिले. तात्यारावांनी मला हिरवळीवर व्यवस्थित आडवं केलं. वर नियम समजावून सांगितला.

रडू आलं. गवत डोळ्यांत गेलं, म्हणून सांगितलं.

२८ जानेवारी

दिगंबरराव आले नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

वर्ग सुटला तेव्हा फाटकाशी उभे होते. पायांत सरावाच्या बुटांऐवजी चपला. म्हणाले, "वर्ग सोडला मी. ती ऊर्जा मला एकदाही जाणवली नाही, बाई. मी तुमच्यासाठी येत होतो." मग म्हणाले, "गुडघे खरंच दुखत असतील तर तसं सांगा. मी जातो."

मागून सगळा वर्ग येत होता. मी हात पुढे केला. त्यांनी तो फिरवला नाही, नुसता धरला.