घरातल्या माचीस नेल्या आहेत

खुशीचे आजोबा,

तुम्ही दूध घालायला गेले आणि खुशीला पुन्हा दम लागला. सूनबाईच्या स्कूटीवर तिला गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन जाऊन राहिलो.

काल शेजारच्या सुकरामभाऊनं धान कापलेल्या बांधीतलं तणस पेटवलं. उन्हाळ्यात धूर वाऱ्यासंगं निघून जाते. या थंडीत तो वर चढतच नाही, बोडीच्या तळ्याकाठच्या खोलगटात आपल्या अंगणावर बसून राहते. नात रात्रभर तोच ओढत होती.

आज तुम्ही आपली बांधी पेटवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणाल, "आपल्या एकट्याच्या धुरानं काय होते?" सुकरामभाऊही काल हेच म्हणत होते.

म्हणून घरातल्या साऱ्या माचीस सोबत नेल्या, देवाजवळचीही. दिवासुद्धा लावला नाही, त्यावरही काडी पेटते. लग्न झाल्यापासून माझा दिवा कधी चुकला नव्हता. तुळशीला पाणी घालून माफी मागितली.

भात-भाजी झाकून ठेवली आहे, थंडच खा.

शेजारून माचीस आणलीच, तर आधी माझा राहिलेला दिवा लावा. खुशीचं नाव घेऊन हात जोडा. मग बांधीकडे पाय वळते का, ते पाहा.

रुख्मा