चढावरचा नळ

प्रिय अध्यक्षसाहेब,

दचकू नकोस, ताईच लिहितेय. पाणी समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तू बहिणीचा फोन उचलत नाहीस, म्हटलं पत्र तरी फोडशील. 'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

समितीचं काम तपासायला आलेल्या बाई काल आपल्याकडे येऊन गेल्या. सगळ्यात लांबच्या, उंचावरच्या घरी पाणी कसं पोचतं ते बघून गुण द्यायचे, अशी त्यांची पद्धत. म्हणजे आपलंच घर. नळ सोडला आणि काय सांगू, असं धो धो पाणी आलं की बादली कलंडली! बाईंनी नळाला दाब मोजायचं यंत्र लावलं आणि खूश होऊन माझ्याकडे बघितलं. मलाही क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग खालच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. त्यांचे नळ गेले होते. पाणी सोडणारा माणूस नंतर रस्त्यात भेटला, त्याला खोदून खोदून विचारलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, साहेबांनी सकाळी खालच्या गल्लीच्या पाइपाची चावी बंद ठेवायला सांगितली होती.

एवढंच होतं तर! खालची चावी थोडा वेळ बंद केली की पाणी वर चढतं. मग इतकी वर्षं आम्हाला काय शेंड्या लावत होतास? म्हणे पाइप जुना, पंप लहान, चढापुढे इलाज नाही. खालच्या गल्लीत मतं जास्त आणि वर आम्ही मूठभर घरं, हे सरळ सांगायला जीभ रेटली नाही. पाणी लोकांचं, समिती लोकांची, असं भाषणात ठोकून देतोस. वरचे आम्ही लोक नाही का? पाळी लावून दिली असतीस तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? खालचे गाड्या धुतात रे, आणि आई कळशी घेऊन चढ चढत होती. पडली तेव्हा फळं घेऊन दवाखान्यात आलास, उशाशी बसलास आणि चढाला दोष दिलास. मीही मूर्ख, तुला चहा आणून दिला. तिचं मनगट अजून वाकडंच आहे, केस मला विंचरावे लागतात. इतका राग येतो ना, समोर असतास तर धरून बडवलं असतं.

आता पत्र कशासाठी ते ऐक. बाईंनी विचारलं, रोज असंच येतं का पाणी? मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, येतं की, माझा मुलगाच अध्यक्ष आहे. तेही वाकडा हात शालीखाली लपवून. जन्मात खोटं न बोललेली बाई! तपासणीच्या बाई गेल्यावर मी आईशी भांडले, तर म्हणते, चारचौघांत त्याची मान खाली गेली असती. आज सकाळी नळ पुन्हा कोरडा ठणठणीत. तरी तिने बादली लावून ठेवली होती. बाई सोमवारी सकाळी फोन करून पुन्हा विचारणार आहेत, आणि नंबर माझा आहे. आईला मी खोटं पाडणार नाही. एक शब्द बोलणार नाही. फक्त नळ सोडीन आणि फोन त्याच्यापाशी धरीन.

अजून तरी तुझीच,
ताई