चष्मा कोणाचा

४ फेब्रु., मंगळवार
लेखक-चित्रकारांशी गप्पा हे आमच्या मासिकातलं सदर माझ्या गळ्यात पडलंय, पण आज मजा आली. नायगावला बीडीडी चाळीत गेले, मिलिंदकडे. त्याच्या मुंग्यांच्या पुस्तकावर मुलं जाम खूश आहेत. चहा, खारी, भरपूर बडबड. मध्येच त्याचे वडील, सखाराम, खुर्ची ओढून बसले. गिरणीत होते. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीचे बॅनर रंगवायचे. आधी सगळा निळा, मग पांढरी अक्षरं, चेहरा शेवटी. मुलाचा हात धरून चष्मा काढायला शिकवला. "चष्मा जमला की माणूस जमतो," म्हणाले. मथळा मिळाला.
निघताना त्यांनी हळूच विचारलं, माझं पण नाव येईल का? म्हटलं, येणार म्हणजे येणार.
बसमध्ये लक्षात आलं, मिलिंदला पहिल्या घोटापासून 'तू'. मागच्या महिन्यातल्या लेखिकाबाई त्याच्याच वयाच्या, त्यांना शेवटपर्यंत 'तुम्ही'. असो.

११ फेब्रु.
मजकूर जास्त, पानं दोनच. कापाकापी. 'जयंतीचे बॅनर'पाशी अडले. मुलांचं मासिक आहे, कुठले तरी पालक फोन करतील, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला... 'चाळीतल्या उत्सवाचे बॅनर' करून टाकलं. निळा रंगही मग आपोआप गेला. सखारामांचं नाव काढून नुसतं 'वडील', एका ओळीची जागा वाचली. संपादक सरांनी अजून पाहिलं नाही. वाचायला बरं वाटतंय.

२८ मार्च
अंक आला. पान उघडलं. मांडणी करणाऱ्या प्राचीने कोपऱ्यात मखर, तोरण, मोदकांचं ताट काढलंय. तिचा काय दोष? ठाकूरद्वारची पोर, 'उत्सव' म्हटल्यावर दुसरं काय काढणार. आणि वर मोठ्या अक्षरात चष्म्याची ओळ.
सर म्हणाले, गोड झालंय पान.
सरांनी कापायला सांगितलं असतं तर त्यांच्यावर ढकलता आलं असतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

३ एप्रिल
मिलिंदचा मेसेज : 'अंक मिळाला.' बस. रविवारी दादरला मुलांशी गप्पांचा कार्यक्रम आहे, येणार ना, असं भीत भीत विचारलं. 'मुलांना कबूल केलंय. येतो.' फोन करायची हिंमत झाली नाही. भित्री भागुबाई.

६ एप्रिल, रविवार
कसं लिहू.
वाचनालयाचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत सखाराम, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मिलिंदने फळ्यावर मुंग्या काढल्या, मुलं खिदळली, सगळं छान चाललं होतं. मग ओवी नावाची एक मुलगी उठली, सहावी-सातवीतली असेल. हातात आमचा अंक. म्हणाली, "दादा, तुम्ही गणपतीला चष्मा का काढायचात?"
हॉल हसला. आईबाप पण हसले. मिलिंद हसला नाही. तिला म्हणाला, "गणपतीला नव्हता गं. कोणाचा होता ते ताई सांगतील. त्यांनी लिहिलंय." आणि माइक माझ्या हातात दिला.
एका वाक्याचं काम होतं. जिभेवर होतं. आणि मी काय म्हणाले, तर छान प्रश्न, चला, पुढचा कोणाचा?
शी. लिहितानासुद्धा कान तापलेत.
नंतर वड्यांच्या टेबलापाशी सखाराम भेटले. मी जागा कमी, पानं कमी असं काहीबाही पुटपुटले. वाटलं, नावाचं काढतील आता. "नावाचं राहू द्या," म्हणाले. "त्या पोरीला उत्तर द्यायला पाहिजे होतं तुम्ही."
रागाने बोलले असते तर सोपं गेलं असतं. मिलिंद त्यांचा हात धरून जिना उतरला. माझ्याकडे बघितलं नाही.

८ एप्रिल
सरांना सगळं सांगितलं. मे अंकात चौकट टाकू, काय कापलं ते, सखारामांचं नाव, माझी चूक, सगळं. सर म्हणाले, एवढीशी गोष्ट, कशाला उकरून काढायची? माझ्याच तोंडचं वाक्य. ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चौकट लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. बघतो म्हणाले. त्यांचं 'बघतो' मला माहितीये.
मिलिंदला फोन केला. माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. "छापून येऊ दे, ताई, मग बोलू."

१० एप्रिल
चौकटीचं अजून काही नाही. रोज विचारते, सर चष्मा पुसतात.
ओवीचा नंबर वाचनालयातून घेतला. लालबागला राहते. आईने उचलला, आधी जरा संशयाने बोलली, मग स्पीकरवर टाकला. पोरीला सगळं सांगितलं, जयंती, निळा रंग, चष्मा कोणाचा, काढायला कोणी शिकवला, मी काय खोडलं.
"मग त्यात काय लपवायचं?" ओवी म्हणाली. "आमच्या शाळेत फोटो आहे त्यांचा."
तिचं संपलं नव्हतं.
"आणि मी विचारलं तेव्हा माइक तर तुमच्याच हातात होता ना?"
हो म्हटलं. आईने तिला दटावलं नाही, फोनही ठेवला नाही. मी आणखी काय सांगते, याची दोघी वाट बघत होत्या.